भिंतीवर रंगवलेली मागणी

ओढा तिसऱ्यांदा ओलांडून दोघं पलीकडच्या चढाला लागली आणि विल्बर पुन्हा थांबला. चढ अंगावर आला म्हणून नव्हे. बोलताना त्याचं काही अडलं की पायही अडायचे, लहानपणापासूनची खोड.

"तुम्हीच सांगा दिनोराताई," तो म्हणाला, "माझं चुकलं कुठं? रंगवण्यात, की लिहिण्यात?"

"आधी पाय उचल. ऊन तापायच्या आत वर पोचू दे. चुकलंय ते काही वाटेत पळून जात नाही."

दिनोरा पोर्तियो चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. दर बुधवारी ती एल हिकारालच्या समुद्रकाठावरून वर डोंगरातल्या वस्तीवर जायची, पाय अधू झालेल्या त्रान्सितोबाईजवळ बसून जपमाळ म्हणायला. आज विल्बर सोबत निघाला, कारण त्याच त्रान्सितोच्या घरी तिची धाकटी बहीण माऊरा पाच दिवसांपासून येऊन बसली होती, आणि खाली गावात माऊराच्या पुपुसांच्या, म्हणजे मक्याच्या भरल्या भाकऱ्यांच्या, खाणावळीला कुलूप होतं. तीस वर्षांत ते कुलूप गुड फ्रायडे सोडला तर कुणी पाहिलं नव्हतं. मोठा भूकंप झाला त्या दिवशीसुद्धा तिने संध्याकाळी तवा चढवला होता. माऊराला परत आणायचं एवढं विल्बरला कळत होतं. कसं आणायचं, ते कळत नव्हतं.

माऊरा त्याची सख्खी आई नव्हे. सख्खी आई ह्यूस्टनला. तो सहा वर्षांचा असताना त्याचा हात शेजारच्या माऊराच्या हातात देऊन ती गेली. दोन वर्षांत येते म्हणाली होती. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. विल्बर तव्याच्या धगीशी वाढला, पिठाच्या पातेल्याशी झोपला, आणि माऊराला 'माय' म्हणायला कधी लागला ते त्याचं त्यालाही आठवत नाही.

धंद्याने तो पाट्या रंगवणारा. पंधराव्या वर्षी बंदरावरच्या लितो उस्तादांच्या हाताखाली लागला. खाटकाच्या दुकानावर हसणारं डुक्कर, न्हाव्याच्या भिंतीवर कात्री, बसच्या मागच्या काचेवर 'देव पुढे, आम्ही मागे', सगळं त्याच्या हातचं. एक डोळा मिटून, जिभेचं टोक दातात धरून तो एकेक अक्षर असं उतरवायचा की वाचता न येणारा माणूससुद्धा उभा राहून बघायचा. चर्चमध्ये येशूच्या क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं आहेत, त्यांच्यावरचे आकडे त्यानेच रंगवले. फादरांनी पैसे विचारले तर "देवाकडनं काय घ्यायचे" म्हणून ब्रश धुवायला निघून गेला. एरवी रविवारी चर्चमध्ये दिसेलच असं नाही. पण दिनोरा म्हणायची, काही माणसं प्रार्थना हाताने करतात.

मग छापील फलक आले. तासाभरात तयार, पावसात धुऊन न जाणारे, आणि अर्ध्या किमतीत. विल्बरच्या डब्यांतला रंग वाळायला लागला. त्याच सुमाराला गावात बिटकॉइन आलं. लाटांवर खेळायला येणारी परदेशी पोरं ते घेऊन आली आणि बघता बघता नारळवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर त्याचं वॉलेट ॲप आलं. ते ॲप बनवणारा गास्तोन नावाचा अर्जेंटिनाचा माणूस गावातच राहायचा. नारळवाल्याच्या गाडीवरची अक्षरं बघून तो विल्बरला शोधत आला. म्हणाला, "मला असं काहीतरी फोनमध्ये पाहिजे. माझी स्क्रीन बघून लोक घाबरतात. तुझी पाटी बघून त्यांना तहान लागते."

अशा रीतीने विल्बर पाच महिन्यांपूर्वी स्क्रीन रंगवायला लागला. सगळ्यात महत्त्वाची स्क्रीन होती ती पैसे मागायची. दुकानदाराने बटण दाबायचं, रक्कम लिहायची, खाली क्यूआर कोड येतो, तो गिऱ्हाइकापुढे धरायचा. विल्बरने ती आधी कागदावर ब्रशने काढली, मग फोनवर उतरवली. गास्तोनने त्याच्या पाठीवर थाप मारली. कोडाच्या कोपऱ्यात काही आकडे पळत होते, ५९:५८, ५९:५७. विल्बरला वाटलं, घड्याळ असेल. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, त्यामुळे जरा खटकलं. पण म्हटलं, परदेशी ॲप, तिकडची वेळ दाखवत असेल. चित्रात खडा नको म्हणून त्याने ते आकडे बारीक केले आणि राखाडी करून टाकले.

"विचारायचं नाहीस का, हे आकडे कसले म्हणून?" दिनोराने चालता चालता विचारलं.

"विचारायचं असतं हेच कुठं माहीत होतं? लितो उस्ताद सांगायचे, डॉक्टरच्या पाटीवर डॉक्टर सांगेल ते लिहायचं, रोग विचारायचा नाही."

दिनोराला हसू आलं; पण विल्बर हसला नाही, तेव्हा तिनेही आवरलं.

माऊराकडची रीत गावात सगळ्यांना पाठ होती. गिऱ्हाइकाने पोटभर खायचं, हात पुसायचे, उठून तव्याजवळ जायचं आणि आपणच सांगायचं, "घेवड्याच्या चार, चीजच्या दोन, एक कॉफी." माऊरा मान हलवायची. आकडा तिला आधीच ठाऊक असायचा, पण कुणी एक कमी सांगितली तरी ती काही बोलायची नाही. ते त्याचं आणि देवाचं, म्हणायची. माणसाच्या तोंडात घास असताना त्याच्यापुढे हात पसरणं तिला मरणासारखं वाटे.

विल्बर मोठ्या हौसेने तिला आपली स्क्रीन दाखवायला गेला, तर तिने हनुवटीनेच फोन दूर केला. हात मक्याच्या पिठाने भरलेले होते.

"हे बटण काय म्हणतंय?"

"'पैसे मागा' म्हणतंय, माय."

"मी नाही मागत."

"अगं, तसं मागणं नव्हे. नुसतं दाबायचं."

"नुसतं दाबायचं तर 'मागा' कशाला लिहिलंय? आणि हे हात बघ. दर पुपुसेला हात धुऊ की काय? तू रंगारी आहेस ना? मग ते चौकोन भिंतीवर काढ. ज्याला द्यायचं तो देईल."

विल्बरला हे इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. भिंतीवर कोड असला म्हणजे माऊराला मागायला नको, फोन धरायला नको. त्याने तिच्या फोनवर एक मागणी तयार केली, रकमेची जागा रिकामी सोडली, म्हणजे जो तो आपल्या खाण्याप्रमाणे आकडा घालील. आणि ते चित्र समोर ठेवून कामाला लागला. सत्तावन्न ओळी, ओळीत सत्तावन्न चौकोन. निळ्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून त्याने भिंतीवर जाळी पाडली आणि चौकोनामागून चौकोन काळ्या तेलरंगाने भरत गेला. येणारेजाणारे थट्टा करत होते. मासळीवाला म्हणाला, "विल्बर, भिंतीला कांजिण्या आल्या रे!" माऊरा आतून ओरडली, "तुझ्या मासळीला काय आलंय ते सांगू का सगळ्यांना?"

अडीच दिवस लागले. शेवटी त्याने फोनचा कॅमेरा भिंतीपुढे धरला. फोनने कोड ओळखला, लांबलचक अक्षरांची माळ दाखवली. पहिली चार आणि शेवटची चार त्याने मूळ कोडाशी ताडून पाहिली. जुळली. हाताने रंगवलेला कोड यंत्राने वाचला! असा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सान राफाएलचा सण. गाव माणसांनी फुललं. पहिल्यांदा एक उंच जोडपं जेवून उठलं, सात पुपुसा सांगितल्या, भिंतीपुढे फोन धरला, आणि फोन लालभडक झाला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. रांग लागली. राजधानीहून आलेल्या एका बाईने फोनवरची ओळ मोठ्याने वाचली, "'मागणी ग्राह्य नाही'. अहो बाई, तुमचं हे सगळं खरं आहे ना?" मागे कुणीतरी हसलं. पैशाचं नुकसान काही झालं नाही; सगळ्यांनी रोख दिले. पण प्रत्येक जण आधी भिंतीपुढे उभा राहिला, प्रत्येकाच्या फोनवर तीच लाल ओळ उमटली, आणि प्रत्येकाने फोनवरनं नजर उचलून माऊराकडे पाहिलं. माऊराने गरम तव्यावरच पाणी ओतलं. पहाटे भाजीच्या गाडीत बसून ती वर निघून गेली.

विल्बर धावत गास्तोनकडे गेला. गास्तोनने सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पण ॲपने बरोबरच केलं की."

"बरोबर?"

"पैशांची मागणी तासाभरात मरते. आणि एकदा पैसे आले की लगेच मरते. तू जाळी आखत होतास तेव्हाच ती मेलेली होती. किती वेळ उरला ते कोपऱ्यात दिसतं ना! तूच तर ते राखाडी केलंस."

"मग भिंतीवर काय लावतात लोक?"

"त्याला वेगळा कोड असतो. कायमचा, कितीही जणांनी वापरावा. तिसऱ्या पानावर आहे बघ. ते पानही तूच रंगवलंयस."

विल्बरने तिसरं पान उघडलं. खरंच त्यानेच रंगवलं होतं, जूनमध्ये, आणि कडेची नक्षी छानच जमली होती.

कोडाचं कोडं असं सुटलं. पण विल्बरच्या डोक्यातला गुंता तिथून पुढेच सुरू झाला. भिंत पुसून नवा कोड काढता आला असता, दोन दिवसांचं काम. ती लाल ओळ मात्र पुसता येत नव्हती, कारण ती त्याची स्वतःची होती. गास्तोन म्हणाला होता, काही बिघडलं तर दाखवायला एक ओळ लागेल, कुणी बघणार नाही, तू लिही. विल्बरला एकच कागद आठवला. आईला भेटायला जायचं म्हणून त्याने एकदा व्हिसाचा अर्ज केला होता, तो परत आला तेव्हा त्यावर शिक्का होता, 'अर्ज ग्राह्य नाही'. मोठ्या ठिकाणची भाषा अशीच असते, असं त्याला वाटलं. फोन म्हणजे एक मोठं ऑफिसच. त्याने लिहिलं, 'मागणी ग्राह्य नाही', आणि ओळ ठसठशीत दिसावी म्हणून लाल रंगही त्यानेच निवडला.

चढाच्या माथ्यावर चिंचेच्या सावलीत त्याने हे सगळं दिनोराला सांगितलं. अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"गास्तोन म्हणतो, ती ओळ त्यानेच लिहिली म्हणून सांग. त्याची कुठं तिच्याशी ओळखदेख. तिला तेच वाटतंय, ताई. वस्तीवरनं निरोप आला, त्यातही तिने त्या अर्जेंटिनावाल्यालाच शिव्या घातल्यात."

"मग?"

"मग काय, तेच कळेना. खरं सांगितलं तर ती येणार नाही. खोटं सांगितलं तर येईल, पण मग रोज तिच्या हातचं खायचं कसं?"

दिनोरालाही नेमकं कळत नव्हतं, आणि न कळलेलं कळल्यासारखं दाखवायची तिला सवय नव्हती. "मला नाही सांगता येत बाबा," ती म्हणाली. "मी एक 'नमो मरिया' म्हणते. तू चालत राहा."

त्रान्सितोच्या अंगणात माऊरा बसली होती, पुढ्यात सारणात घालायच्या लोरोकोच्या कळ्यांची टोपली. देठ खुडून कळ्या एकीकडे टाकत होती. विल्बरकडे तिने पाहिलंच नाही.

"ये दिनोरा, बस. पाणी पी. तुझ्याबरोबर कोण आलंय? पोस्टमन का?"

"माय..." विल्बर म्हणाला.

"पोस्टमन असेल तर सांग त्याला, माझं काही टपाल येत नाही."

त्रान्सितो खाटेवरून खुदकन हसली. विल्बरने फोन काढला. रात्र रात्र बसून त्याने नव्या स्क्रीन केल्या होत्या. कोपऱ्यातली वेळ आता मोठी आणि हिरवी. पहिल्याच पानावर भिंतीचा कोड. आणि लाल ओळीच्या जागी एकाखाली एक सहा नव्या ओळी, निवडायला. तो एकेक वाचून दाखवू लागला.

"'अरेरे!'"

"कोण म्हणतंय अरेरे?" माऊराने कळी खुडली. "फोन? त्याचं काय जळलं?"

"'पुन्हा प्रयत्न करा.'"

"कशाचा? खायचा?"

"'काहीतरी बिघडलं आहे.'"

"बघ दिनोरा! सगळ्या गावाला सांगतंय, माऊराकडचं काहीतरी बिघडलंय. चीज म्हणू दे की मग."

चौथी ओळ वाचण्याआधी विल्बरने फोन खाली केला. माऊराने टोपली बाजूला सारली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हे बघ पोरा. भिंतीचा मला राग नाही. तू जन्मभर भिंती रंगवल्यास, एखादी चुकली तर पांढरा हात मारला की झालं. पण माझी मागणी खरी नाही, असं माझ्या दारात मला म्हणायचं? तुझ्या आईने तुला माझ्याकडे सोडलं, तेव्हा मी कधीपर्यंत म्हणून विचारलं? काय देशील म्हणून विचारलं? आजवर कुणापुढे काही मागितलं नाही मी, आणि त्या उपऱ्याने ते लाल अक्षरात..."

"त्याने नाही, माय."

"त्यानेच."

"मी लिहिलं ते."

विल्बरला वाटलं, आणखी काही सांगावं, व्हिसाचा कागद, मोठ्या ठिकाणची भाषा. पण त्याने हातातला फोन नुसता पालथा केला.

"किती वेळ लागला लिहायला?" माऊराने विचारलं.

"दोन मिनिटं."

"आणि चौकोन भरायला?"

"अडीच दिवस."

माऊरा उठली. ती आत जाऊन दार लावून घेईल असंच विल्बरला वाटलं. पण तिने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसले, चुलीत लाकूड सारलं आणि बहिणीच्या जुन्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून पाहिला. "दिनोरा दोन तास चालून आलीय," ती कुणाला उद्देशून नव्हे अशी म्हणाली. "तिला उपाशी कशी पाठवू?" कळ्या आणि चीज भरलेल्या पुपुसा ती या तळहातावरून त्या तळहातावर थापू लागली. टप, टप, टप.

ती रागात होती, की राग गेला होता, विल्बरला काही उमगेना. त्याने दिनोराकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच, गप्प राहा, म्हटलं.

पहिली पुपुसा दिनोराच्या ताटात पडली, कोबीच्या लोणच्यासकट. विल्बरपुढे काही आलं नाही. तव्यावरून नजर न हलवता माऊरा म्हणाली, "मी खाली येईन. कधी येईन ते सांगते. तुझं ते यंत्र जेव्हा माझ्या टेबलाशी माणसासारखं बोलेल, तेव्हा. मग भिंतीवर कोड काढ नाहीतर डुक्कर काढ."

"माणसासारखं म्हणजे कसं, माय?"

"मला काय विचारतोस? माझ्या गिऱ्हाइकाचे पैसे कमी पडले, विसरले, नोट फाटकी निघाली, असं तीस वर्षं होतंय. ते मला काहीतरी सांगतात. मी त्यांना काहीतरी सांगते. कुणाची मान खाली जात नाही. शाळेत शिकवत नाहीत का हे?"

"काय सांगतात?"

"आता आठवून थोडंच सांगता येतं? त्या वेळी तोंडाला येतं ते."

विल्बर पायरीवर बसला. फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. अक्षराला कुठे जाडी द्यायची, कुठे शेपूट लांबवायची, हे त्याचे हात न सांगता जाणत होते. पण अक्षरं मिळून काय बोलतील, याचा विचार त्याला जन्मात कधी करावा लागला नव्हता. जो पाटी लावणार तो सांगायचा आणि हा लिहायचा. आता पाटी फोनची होती, आणि फोन काही सांगत नव्हता.

दिनोराची तिसरी पुपुसा संपत आली होती. ती रुमाल शोधू लागली, तसा विल्बर एकदम तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. कानामागची पेन्सिल त्याने हातात घेतली होती, आणि त्रान्सितोच्या औषधाच्या रिकाम्या खोक्याची एक बाजू फाडून आणली होती.

"दिनोराताई, एवढं एक करा माझ्यासाठी," तो हळू आवाजात म्हणाला. "आता तुम्ही गिऱ्हाईक व्हा. उठा, तव्याजवळ जा, किती खाल्ल्या ते मायला सांगा. फोन काढलाय आणि पैसे काही केल्या जात नाहीत, असं धरून चाला. मग तिच्या तोंडाकडे बघून जे बोलाल, ते बोला. मी पाठ फिरवून बसतो, म्हणजे तुम्हाला संकोच नको. फक्त जरा सावकाश बोला. मला लिहून घ्यायचंय."